सहीच्या वरची ओळ

रिन्स्के, तो कागद अजून माझ्याकडे आहे.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, तुझ्या दुधाच्या दातांखाली,
जांभळी कार्बन कॉपी, घडीवर फाटत आलेली.
फेब्रुवारी त्र्याऐंशी. हार्लिंगनच्या बंदरात बर्फ होता,
फेरी बंद, म्हणून तुझ्या बाबाला सुट्टी होती.

दाता: अनामिक. विद्यार्थी. उंच. डोळे घारे.
खाली माझी सही, तिच्याखाली वीब्रेनची,
बोटीच्या दोराला गाठ मारावी तशी.

डॉक्टर होइटिंगा म्हणाले, नमुना ताजा हवा,
विद्यार्थी वाटेत आहे, पंधरा मिनिटं पडून राहा.
मी छताकडे बघत पडले.
शेजारच्या खोलीचं दार लागलं.
बऱ्याच वेळाने नळ वाहिला.
मग ते आत आले, हातांना साबणाचा वास,
आणि सगळं आटोपल्यावर मी म्हणाले,
हे मी म्हणाले, रिन्स्के, माझ्या तोंडाने:
उपकार झाले, डॉक्टर.

जिना लाकडी होता.
त्यावर दुसऱ्या कुणाची पावलं वाजली नव्हती.
ते न वाजणं मी तेव्हाच ऐकलं होतं.
पण डॉक्टरवर संशय घ्यायचा
तर आधी स्वतःवर घ्यावा लागतो,
आणि मी तर अर्धी उघडी, पाय वर टांगलेले.

तू झालीस. दर नोव्हेंबरात
मी त्यांच्या दाराशी साखरेचा पाव घेऊन जायची,
तुला कडेवर घेऊन, पुढे बोट धरून.
ते तुझा गाल ओढायचे. कुणासारखी दिसते हो ही?
वीब्रेन म्हणायचा, माझ्या आईसारखी.
ते हसायचे. छान हसायचे.

तुला मी नऊ महिने पोटात ठेवलं.
त्यांनी ही गोष्ट मरेपर्यंत पोटात ठेवली.

मग तू त्या नळीत थुंकलीस, गंमत म्हणून,
आणि एकोणीस जण निघाले.
स्नेकचा पीर, ड्राख्टनच्या जुळ्या,
फ्रानेकरचा तो बेकरीवाला, ज्याचा डावा कान
वरून दुमडलेला, तुझ्यासारखाच.
त्यातले दोघं शाळेत एका बाकावर बसायचे.
मोठेपणी आणखी कुठे बसले असते,
त्याचा विचार कुणी करायचा होता?

समितीचं पत्र आलं. छापील, सभ्य.
त्या काळी अशी पद्धत होती.
संबंधित डॉक्टर हयात नाहीत.
निष्पत्ती निरोगी आहे.
निष्पत्ती म्हणजे तू, बाई.
माझ्याबद्दल एक ओळ नव्हती.

गेल्या रविवारी बांधावर, ओहोटीला,
समुद्र पार क्षितिजापर्यंत मागे गेलेला, नुसता चिखल,
तू विचारलंस: म्हणजे मी नको होते का तुला?
मी गप्प राहिले, ते चुकलं माझं.

ऐक. मी तुला हो म्हटलं होतं.
त्यांना कधीच नाही.
ही दोन वाक्यं एकाच देहात राहतात,
एकमेकींशी बोलत नाहीत,
आणि मी दोघींना जेवायला वाढते.

रात्री चष्मा लावून कागद पुन्हा वाचला.
सहीच्या वर बारीक अक्षरात एक ओळ आहे:
मला सर्व काही समजावून सांगण्यात आले आहे.
पेन्सिलने ती खोडायला गेले.
कार्बनवर पेन्सिल उठत नाही.

बाबाला कळलं नाही, ते बरं झालं की वाईट,
हे तूही विचारू नकोस.
आणि तुझ्या लक्षात आलं का,
या आठवड्यापासून मी डॉक्टरांना तो म्हणते?
इथे लिहिताना मात्र तेच आले,
चाळीस वर्षांची सवय, सुटेल हळूहळू.
तो. होइटिंगा. तो.

रविवारी ये. पाव करून ठेवते.
भट्टी उघडली की मला त्याच्या दाराचा वास येतो,
पण तुला आवडतो.